गर्भपाताविषयी स्वातंत्र्यवादी दृष्टिकोन आणि महाराष्ट्रातील शासनाची भूमिका

गर्भपाताविषयी स्वातंत्र्यवादी दृष्टिकोन म्हणजे व्यक्तीचे स्वातंत्र्य हे सर्वोच्च मूल्य मानणाऱ्या आणि शासनाचे अधिकार किमान असावेत असे सांगणाऱ्या विचारवंतांनी गर्भपाताच्या प्रश्नावर घेतलेल्या भूमिका होत. या विचारसरणीला इंग्रजीत लिबर्टेरियनिझम असे म्हणतात. मराठीत तिच्यासाठी 'स्वातंत्र्यवाद' किंवा 'व्यक्तिस्वातंत्र्यवाद' हे शब्द वापरले जातात. या नावाचा संघटित पक्ष किंवा प्रवाह महाराष्ट्रात फारसा रुजला नाही. तथापि ज्या प्रश्नांवर तो उभा आहे ते प्रश्न येथे दीडशे वर्षांपासून वादाचे विषय आहेत. स्त्रीच्या देहावर अधिकार कोणाचा, घराच्या उंबरठ्याच्या आत शासनाने कुठवर यावे, आणि समाजाने लादलेली सक्ती व शासनाने लादलेली सक्ती यांत फरक करावा काय, असे ते प्रश्न होत. त्यांतील एक महत्त्वाचा अध्याय बुलढाणा येथे लिहिला गेला.

विचारसरणीतील मतभेद

स्वातंत्र्यवादाची दोन मूलतत्त्वे मानली जातात. प्रत्येक व्यक्ती स्वतःच्या देहाची धनी आहे, हे पहिले. कोणीही दुसऱ्यावर प्रथम बळाचा वापर करू नये, हे दुसरे. इतर बहुतेक विषयांत ही तत्त्वे एकमेकांस पूरक ठरतात. गर्भपाताच्या प्रश्नात मात्र ती परस्परांसमोर उभी राहतात. स्त्री स्वतःच्या देहाची धनी असेल, तर गर्भ वाढवण्याची सक्ती तिच्यावर कोणीही करू शकत नाही. उलट गर्भ ही व्यक्ती मानली, तर त्याचा नाश हाच बळाचा वापर ठरतो. गर्भ व्यक्ती आहे किंवा नाही, याचे उत्तर मात्र या तत्त्वांतून निघत नाही. ते बाहेरून, म्हणजे धर्म, वैद्यक किंवा तत्त्वज्ञान यांतून आणावे लागते. त्यामुळे एकाच तत्त्वावर निष्ठा असलेले लोक या प्रश्नात अगदी विरुद्ध टोकांना गेलेले दिसतात.

लेखिका आयन रँड यांच्या मते हक्क हे प्रत्यक्ष व्यक्तीला असतात, संभाव्य व्यक्तीला नव्हेत. म्हणून गर्भपात हा स्त्रीचा नैतिक अधिकार आहे. (रँड यांना स्वतःला स्वातंत्र्यवादी म्हणवून घेणे मान्य नव्हते, परंतु या विचारावर त्यांचा प्रभाव मोठा आहे.) अर्थशास्त्रज्ञ मरे रॉथबर्ड यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द एथिक्स ऑफ लिबर्टी' या ग्रंथात वेगळा मार्ग घेतला. गर्भाला माणसाचे सर्व हक्क आहेत असे क्षणभर मानले, तरी दुसऱ्याच्या देहात त्याच्या इच्छेविरुद्ध राहण्याचा हक्क कोणत्याही माणसाला नसतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी १९७१ मध्येच याच धाटणीचा एक दृष्टान्त मांडला होता. एखाद्या माणसाला झोपेत असताना पळवून नेले आणि मरणासन्न व्हायोलिनवादकाचे रक्त शुद्ध राहावे म्हणून त्याच्या देहाला जोडून ठेवले, तर नऊ महिने तसे पडून राहण्यास तो बांधील आहे काय, असा तो प्रश्न आहे. थॉमसन स्वातंत्र्यवादी नव्हत्या, परंतु त्यांचा हा दृष्टान्त दोन्ही बाजूंच्या चर्चेत आजही येतो.

वॉल्टर ब्लॉक यांनी मधला मार्ग सुचवला. स्त्रीला गर्भ देहाबाहेर काढण्याचा अधिकार आहे, मारण्याचा नाही, असे ते म्हणतात. गर्भ बाहेर जगू शकत नसेल तोवर या दोहोंचा परिणाम एकच होतो. वैद्यक जसे पुढे जाईल तसा मात्र त्यांतील फरक वाढत जाईल. याच्या उलट डोरिस गॉर्डन यांनी १९७६ मध्ये 'लिबर्टेरियन्स फॉर लाइफ' ही संस्था काढली. तिची भूमिका अशी की, मूल जन्माला येण्यास आईवडील कारणीभूत असतात, म्हणून त्याचे रक्षण करणे हे त्यांचे ऋण आहे. व्यवसायाने प्रसूतितज्ज्ञ असलेले आणि १९८८ मध्ये अमेरिकेच्या लिबर्टेरियन पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवणारे रॉन पॉल हेही गर्भपाताचे विरोधक होते. त्या पक्षाच्या जाहीरनाम्यात अनेक वर्षे असे कलम होते की, या बाबतीत प्रामाणिक मतभेद असू शकतात, म्हणून शासनाने त्यापासून दूर राहावे. मे २०२२ मधील अधिवेशनात ते कलम वगळण्यात आले. त्यानंतर महिनाभरातच, २४ जून २०२२ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा 'रो विरुद्ध वेड' हा निर्णय रद्द करून हा विषय राज्यांकडे सोपवला.

वऱ्हाड आणि पुणे : एकोणिसावे शतक

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला. कलम ३१२ नुसार स्त्रीचा जीव वाचवण्याचा सद्हेतू नसताना गर्भपात घडवून आणणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल जाणवू लागल्यानंतर सात वर्षांपर्यंत कारावास होता. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही या कलमाखाली गुन्हेगार ठरत असे. कायदा इंग्रजांचा असला, तरी त्याच्या कचाट्यात कोण सापडते हे येथील रूढीने ठरत होते. बालविवाह सर्रास होत, उच्चवर्णीयांत विधवेला पुनर्विवाह निषिद्ध होता. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता दिली होती, परंतु तसा विवाह करणाऱ्याला वाळीत टाकले जाई. अशा स्थितीत दिवस गेलेल्या तरुण विधवेपुढे गर्भपात, बालहत्या किंवा विहीर हेच मार्ग उरत.

जोतीराव फुले यांनी १८८४ मध्ये सरकारला पाठवलेल्या निवेदनात पुण्यातील काशीबाई या ब्राह्मण विधवेची हकीकत दिली आहे. तिने नवजात मुलाला मारल्यामुळे तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या घटनेनंतर जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८६३ मध्ये आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी तेथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा तेथेच ठेवावे, अशा जाहिराती त्यांनी लावल्या. पस्तीस विधवा तेथे बाळंत होऊन गेल्याचे त्यांनी त्या निवेदनात नमूद केले आहे. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत याला फुले दांपत्याने दत्तक घेतले. पंढरपूर येथेही १८७५ च्या सुमारास अशी संस्था उभी राहिली.

स्वातंत्र्यवादी दृष्टीने पाहता हे गृह लक्षणीय आहे. त्यामागे कायदा नव्हता, सरकारी अनुदान नव्हते आणि कोणावर सक्तीही नव्हती. अडचणीतील स्त्रीला शिक्षेची भीती घालण्याऐवजी तिच्यापुढे आणखी एक पर्याय ठेवण्यात आला होता. गर्भपात थांबवण्यासाठी शासनाऐवजी स्वेच्छेने चालणाऱ्या संस्था असाव्यात असे गर्भपातविरोधी स्वातंत्र्यवादी सांगतात, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. असे असले तरी फुल्यांना स्वातंत्र्यवादी म्हणणे चुकीचे होईल. शिक्षण आणि शेती या बाबतींत सरकारने अधिक काम करावे, अशीच त्यांची मागणी होती.

१८८१ मध्ये सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला आपल्या अनौरस अर्भकाची हत्या केल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी करण्यात आली. या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या नीतिभ्रष्टतेवर टीकेची झोड उठली. 'पुणेवैभव' हे पत्र तीत आघाडीवर होते. या टीकेला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहून उत्तर दिले. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते १८८२ मध्ये छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत नोकरीस होते आणि सत्यशोधक समाजाशी संबंधित होते.

पुस्तकाचा रोख बालहत्येच्या समर्थनाकडे नाही. जी कृत्ये स्त्रीच्या माथी मारली जातात, त्यांत पुरुषाचा वाटा किती, हा ताराबाईंचा प्रश्न आहे. विधवेला नादी लावणारा पुरुष उजळ माथ्याने वावरतो, शिक्षा मात्र तिला एकटीला होते. पुनर्विवाहाची वाट बंद ठेवणारे लोकच तिच्या पतनाबद्दल तिला दोष देतात, हेही त्यांनी तितक्याच कडकपणे मांडले. फुल्यांनी 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात या पुस्तकाची बाजू घेतली. त्यानंतर ते विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशित केले. स्वातंत्र्यवादी मांडणीत सक्ती म्हटली की डोळ्यांसमोर प्रथम शासन येते. ताराबाईंच्या पुस्तकातील सक्ती मुख्यतः जातीची, कुटुंबाची आणि लोकनिंदेची आहे. न्यायालय येते ते शेवटी. या विचारसरणीवर आजही जो प्रमुख आक्षेप घेतला जातो तो हाच आहे.

संमतिवयाचा वाद

शासनाने सामाजिक बाबींत हात घालावा काय, यावर महाराष्ट्रात सर्वांत मोठा वाद १८९१ च्या संमतिवय कायद्याच्या वेळी झाला. त्या कायद्याने मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा वर्षे केले. परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत ढवळाढवळ करू नये, असे बाळ गंगाधर टिळकांचे म्हणणे होते. मिल आणि स्पेन्सर यांच्या वाचनावर पोसलेले गोपाळ गणेश आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. वरवर पाहता हा विरोधाभास वाटतो, कारण शासनाचा हस्तक्षेप नाकारणारे टिळक आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा पुरस्कार करणारे आगरकर. परंतु टिळकांना अभिप्रेत असलेले स्वातंत्र्य समाजाचे होते, आगरकरांना अभिप्रेत असलेले व्यक्तीचे. गर्भपाताच्या चर्चेत हा भेद अनेकदा निसटतो.

कर्वे, आंबेडकर आणि संततिनियमन

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. याच मतांपायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. लैंगिक व्यवहारात दुसऱ्यावर जबरदस्ती किंवा नुकसान होत नसेल तर समाजाला आणि सरकारला त्यात पडण्याचे कारण नाही, हे त्यांच्या लेखनाचे सूत्र होते. मराठीत स्वातंत्र्यवादाच्या इतक्या जवळ जाणारा दुसरा लेखक दाखवणे अवघड आहे. त्यांचा मुख्य भर गर्भधारणा टाळण्यावर होता. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. भीमराव आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या साधनांसाठी सरकारने पुढाकार घ्यावा असा अशासकीय ठराव आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मांडला गेला. तो फेटाळण्यात आला. कर्व्यांना शासन वाटेतून दूर व्हावे असे वाटत होते, आंबेडकरांना ते गरीब स्त्रीच्या दारापर्यंत यावे असे.

१९७१ चा कायदा

१९६४ मध्ये केंद्र सरकारने गर्भपाताच्या प्रश्नावर समिती नेमली. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा तिचे अध्यक्ष होते, म्हणून ती शहा समिती या नावाने ओळखली जाते. चोरून केलेल्या गर्भपातांत असंख्य स्त्रियांचे प्राण जातात, हे समितीच्या अहवालामागील प्रमुख कारण होते. त्यावर आधारलेला वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला.

हा कायदा उदार समजला जातो, परंतु त्याची रचना अधिकार देणारी नाही. दंडसंहितेतील गुन्हा तसाच ठेवून, ठरावीक अटी पाळणारा नोंदणीकृत डॉक्टर दोषी धरला जाणार नाही, एवढेच तो सांगतो. स्त्रीची संमती आवश्यक आहे, आणि ती सज्ञान असेल तर पतीची किंवा अन्य कोणाची संमती लागत नाही. मात्र तिची इच्छा पुरेशी नाही. कारणे पुरेशी आहेत असे डॉक्टरचे मत व्हावे लागते. म्हणजे शासनाने आपला अधिकार सोडला नाही, तो डॉक्टरकडे सोपवला. स्वातंत्र्यवादी टीकेचा रोख नेमका येथे आहे. मूळ कायद्यात बारा आठवड्यांपर्यंत एका, तर वीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत लागत असे. गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचे कारण केवळ विवाहितेसाठी होते. २०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे ठरवले. ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांवर नेली आणि 'पती' या शब्दाच्या जागी 'जोडीदार' हा शब्द आला. गर्भात गंभीर व्यंग असल्यास चोवीस आठवड्यांनंतरचा निर्णय शासकीय वैद्यकीय मंडळ घेते. दंडसंहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेतही कलम ८८ खाली गर्भपात हा गुन्हा कायम आहे.

कायदा आला तो काळ कुटुंबनियोजनाच्या मोहिमेचा होता. त्याची दुसरी बाजू १९७६ मध्ये आणीबाणीत दिसली. तीन अपत्यांनंतर सक्तीने नसबंदी करण्याची तरतूद असलेले विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. गर्भपातास बंदी आणि संततीस बंदी ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत, कारण दोन्हींत देहाचा मालक शासन ठरते, असे स्वातंत्र्यवादी म्हणतात ते अशा उदाहरणांवरून. सौम्य स्वरूपात ही वृत्ती अद्याप टिकून आहे. दोनहून अधिक अपत्ये असलेली व्यक्ती महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक लढवण्यास अपात्र ठरते.

लिंगनिवडीचा पेच

स्वातंत्र्यवादी भूमिकेची खरी कसोटी महाराष्ट्रात लिंगनिवडीच्या प्रश्नावर लागली. स्त्रीला कारण न सांगता गर्भपाताचा अधिकार असेल, तर 'मुलगी नको' हे कारणही तिचेच मानावे लागेल, असा तर्क निघतो. १९८५ मध्ये मुंबईत लिंगनिदानविरोधी मंच स्थापन झाला तेव्हा स्त्री कार्यकर्त्यांपुढे हा पेच होता. गर्भपाताचा अधिकार तर राखायचा होता आणि मुलींचे गर्भ पाडणे थांबवायचे होते. त्यांनी मार्ग काढला तो गर्भपातावर नव्हे, तर निदानावर बंदी मागण्याचा. त्यातून १९८८ मध्ये महाराष्ट्राने प्रसवपूर्व लिंगनिदानावर नियंत्रण आणणारा देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा आहे. तो परिणामकारक होत नाही म्हणून २००० मध्ये सेहत, मासूम या संस्था आणि साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढे २००३ मध्ये कायदा कडक झाला. सासरच्या दबावाखाली चाचणी करून घेणाऱ्या स्त्रीला या कायद्यात शिक्षा नाही, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

या कायद्याला शुद्ध स्वातंत्र्यवादी युक्तिवादाने आव्हानही दिले गेले. अपत्याचे लिंग निवडणे हा जीवन आणि स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे म्हणत एका दांपत्याने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने २००५ मध्ये ती फेटाळली. कोल्हापूरचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांवर 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे नोंद ठेवणारे उपकरण बसवले. त्याविरुद्ध क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दा मांडला. तोही २०११ मध्ये अमान्य झाला.

आकडे बोलके आहेत. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाले. बुलढाणा जिल्ह्यात २०११ मध्ये ते ८५५ होते, बीडमध्ये ८०७. ताराबाईंच्या जिल्ह्याची ही नोंद आहे. निवड स्वतंत्र असेल तर ती एकाच दिशेला इतकी का झुकते, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर स्वातंत्र्यवादी लेखनात सहसा मिळत नाही. उलट कायद्याचा बडगा भलत्यावर पडतो ही त्यांची तक्रारही निराधार नाही. २०१२ मध्ये परळीचे प्रकरण उघडकीस आल्यावर गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीवर कडक पाळत सुरू झाली आणि अनेक औषध दुकानदारांनी त्या ठेवणेच सोडले. वास्तविक या गोळ्या पहिल्या काही आठवड्यांत, म्हणजे सोनोग्राफीत लिंग कळण्यापूर्वीच घ्यावयाच्या असतात.

न्यायालयांचे निर्णय

२००८ मध्ये मुंबईतील एका दांपत्याने, गर्भाच्या हृदयात दोष आढळल्याने सव्विसाव्या आठवड्यात गर्भपाताची परवानगी मागितली. त्यांच्यासोबत डॉ. निखिल दातार याचिकाकर्ते होते. उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली, परंतु वीस आठवड्यांच्या मर्यादेवरील देशव्यापी चर्चा येथूनच सुरू झाली. त्यानंतरच्या वर्षी सुचिता श्रीवास्तव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपत्याविषयीचा निर्णय हा स्त्रीच्या वैयक्तिक स्वातंत्र्याचा भाग असल्याचे म्हटले. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती विजया ताहिलरमाणी आणि मृदुला भाटकर यांच्या खंडपीठाने तुरुंगातील स्त्रियांच्या संदर्भात, देहावरील हक्क कैदेतही संपत नाही, असा निर्णय दिला. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. त्याच्या आधारे २९ सप्टेंबर २०२२ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने अविवाहित स्त्रीलाही चोवीस आठवड्यांपर्यंत समान अधिकार दिला. जानेवारी २०२३ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल आणि शिवकुमार डिगे यांनी, वैद्यकीय मंडळाचे मत प्रतिकूल असतानाही, गर्भात गंभीर व्यंग असलेल्या स्त्रीला बत्तिसाव्या आठवड्यानंतर परवानगी दिली. निर्णय मंडळाचा नसून तिचा आहे, असे त्यांनी स्पष्ट केले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने दोन मुलांच्या आईला सव्विसाव्या आठवड्यानंतर गर्भपात नाकारला. गर्भ बाहेर जगण्यास समर्थ असल्याने त्याचे हृदय बंद पाडावे काय, असा प्रश्न डॉक्टरांनी विचारला होता. गर्भ बाहेर काढणे आणि तो मारणे यांतील जो भेद ब्लॉक यांनी पुस्तकात केला होता, तो येथे प्रत्यक्ष निकालात उतरला.

ग्रामीण भागातील स्थिती

शासन दूर झाले की स्वातंत्र्य आपोआप मिळते, हे गृहीतक शहरात जितके खरे असते तितके खेड्यात नसते. मोताळा हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण मलकापूर–बुलढाणा मार्गावर आहे. येथून जिल्हा रुग्णालय गाठावयाचे तर राजूर घाट चढून बुलढाण्यास जावे लागते. चोवीस आठवड्यांपुढील प्रकरणात न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ आली, तर या जिल्ह्यासाठी उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपूर येथे, तीनशेहून अधिक किलोमीटरवर आहे. शेतमजूर स्त्रीची त्या दिवसांची मजुरी बुडते आणि प्रत्येक दिवसागणिक आठवड्यांची मर्यादा जवळ येते. गोपनीयतेचे कलम कायद्यात आहे; गावात सर्वजण एकमेकांस ओळखत असल्याने ते पाळले जाईलच असे नाही. शासकीय रुग्णालयात ही सेवा विनामूल्य असणे म्हणजे करदात्याच्या पैशाने चाललेली सेवा होय, आणि काटेकोर स्वातंत्र्यवादी तिला विरोध करतात. तिच्याअभावी अशा स्त्रीला उरणारा पर्याय म्हणजे शहा समितीला १९६४ मध्ये जिचा शोध घ्यावा लागला, ती गावातील सुईण आणि तिची काडी होय.

शरद जोशी यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेला स्वतंत्र भारत पक्ष हा महाराष्ट्रातील स्वातंत्र्यवादाला सर्वांत जवळचा राजकीय प्रवाह मानला जातो. शेतकरी संघटनेच्या नोव्हेंबर १९८६ मधील चांदवड येथील महिला अधिवेशनात आणि नंतरच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात भर होता तो जमिनीवर स्त्रीचे नाव लागावे यावर. ज्या स्त्रीच्या नावावर जमीन आहे तिला सासरच्या दबावाला नकार देणे सोपे जाते, या विचाराचा गर्भपाताच्या चर्चेशी थेट संबंध पोहोचतो.